कूलरसमोरची जागा

मे महिन्याच्या शेवटी, नवतपा लागलेला असताना, हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावात एका पोराचं मशीन, म्हणजे गेम खेळायचा कॉम्प्युटर, बघायला गेलो होतो. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओसरीपुढच्या निंबाखाली बाज टाकून एक आजी पडली होती, पदराच्या टोकानं तोंडावर वारा घेत. आतल्या खोलीत मात्र कूलर फुल स्पीडवर सुरू होता, आणि त्याचं तोंड टेबलाखालच्या कॅबिनेटकडे होतं. हवा नेमकी कॅबिनेटच्या तोंडावर यावी म्हणून कूलरखाली विटा लावून उंची साधली होती. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला, सुट्ट्यांसाठी घरी आलेला. अख्खं मशीन गोधडीत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आणलं होतं त्यानं. मी चपला काढता काढता म्हटलं, ‘आजी, आत कूलर सुरू आहे की, बाहेर कायले झोपल्या?’ ती म्हणाली, ‘त्याच्या डब्ब्याले लागते ना बाप्पा गार हवा. मले काय, मले निंबाखाली चालते.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट नातवाच्या वस्तूची काळजीच होती. तक्रार असती तर मी ते कदाचित विसरूनही गेलो असतो.

मशीनची गोष्ट साधी होती. गेम सुरू केला की आधी अडखळायचा, मग थोड्या वेळानं सगळंच बंद. कॅबिनेटची बाजूची काच काढली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या हीटसिंकला दोन बोटं लावली, तर तो हलला. इंटेलच्या डब्यातून प्रोसेसरसोबत येणाऱ्या छोट्या कूलरला, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीला, चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार पिना असतात. त्यातली रॅमकडची पिन मदरबोर्डच्या भोकातून अर्धी वर आली होती. पुणे ते हिंगणघाट एवढे धक्के खाल्ल्यावर हे व्हायचंच. प्रवासात हीटसिंकच्या वजनाचा सगळा भार त्या पिनांवर येतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवली. पेस्ट जास्त लावली की जास्त गार होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात, त्या खाचांत हवा असते, आणि हवेतून उष्णता फार हळू जाते. ती हवा बाहेर काढून जागा भरण्यापुरतंच पेस्टचं काम. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या पिना आळीपाळीनं दाबल्या. प्रत्येक पिन बसताना टक असा आवाज येतो. तो चारदा ऐकू आला पाहिजे, आणि बोर्ड उलटा करून चारही टोकं मागून बाहेर आलेली डोळ्यांनी बघितली पाहिजेत.

त्याच्याकडे प्रोसेसर कोअर आय फाइव्ह १२४००एफ आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. चांगली जोडी आहे ही, उगाच तापट नाही. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, कार्डाची ९३. मर्यादेजवळ पोचलं की दोन्ही आपला वेग पाडतात, त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे जळण्याआधी स्वतःला वाचवायची सोय त्यात असते, आणि गेम अडखळणं ही त्याची पहिली खूण. पिन बसल्यावर मी खोलीतला कूलर बंद करायला लावला आणि गेम सुरू केला. प्रोसेसर ८७ वर जाऊन थांबला. पोरगा नाराज झाला. ‘भाऊ, पुण्यात सत्तरच्या वर जातच नव्हता.’

मी माझ्या पिशवीतला साधा थर्मामीटर काढून कॅबिनेटच्या समोर लटकवला. खोलीची हवा ४२. पुण्यात त्याच्या होस्टेलच्या खोलीत थंडीच्या दिवसांत २५ असेल. मधला फरक सतरा, आणि ७० अधिक १७ म्हणजे ८७. हिशेब तिथेच जुळला.

हा हिशेब आमच्याकडच्या पोरांना कोणी नीट सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. ते तासन्तास व्हिडिओ बघतात. व्हिडिओतला माणूस वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून सांगतो की प्रोसेसरवर अमुक कूलर लावला आणि तो पासष्टवर आला. पोरं तोच कूलर मागवतात, इथं लावतात, त्यांना पंच्याऐंशी दिसतं, आणि मग दुकानदारानं फसवलं, पेस्ट नकली निघाली, नशीबच खोटं, असं सगळं मनात येतं. फॅन आणि हीटसिंक उष्णता फक्त वाहून नेतात, जिथं हवा असेल तिथं नेऊन टाकतात. हवेपेक्षा गार ते काही करू शकत नाहीत. त्याच कामाला खोली एक अंशानं तापली की प्रोसेसरही जवळपास एक अंशानं चढतो. हवामान खात्याचा आकडासुद्धा जाळीदार पेटीत, सावलीत मोजलेला असतो. टिनाच्या छताखाली दुपारी तीन वाजता काय असतं, ते त्या आकड्यात येत नाही. खोलीचं तापमान न सांगता कोणी मला नुसतं प्रोसेसरचं तापमान सांगितलं, तर मी त्यावर काहीच बोलत नाही. आधी थर्मामीटर लावा म्हणतो.

पोराची कूलरची युक्ती चुकीची नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. आमच्याकडचा मे कोरडा असतो. ओल्या ताट्यांतून हवा ओढली की पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि बाहेर बेचाळीस असलेली हवा सहज दहा-बारा अंशांनी उतरते. ती हवा कॅबिनेटनं ओढली की प्रोसेसर पंचाहत्तरवर येणारच. आलाही होता. फक्त ती हवा आजीच्या अंगावरून काढून घेतलेली होती.

घरी येताना मला आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवत राहिली. तालुक्याच्या त्या कॉलेजात तेव्हा एसी एकाच खोलीत होता. दाराबाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, पडदा बाजूला करून आत जायचं. आत काळोख, फरशी गार, आणि प्लास्टिकच्या कव्हरांखाली झाकलेली कॉम्प्युटरची रांग. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत बाकीच्या वर्गांत पंखासुद्धा धड फिरायचा नाही. काही मुली नुसत्या त्या गारव्यासाठी लॅबच्या दारात उभ्या राहायच्या आणि शिपाई त्यांना हाकलायचा, दार उघडं राहिलं की मशीन खराब होतात म्हणून. आम्हाला ते अगदी योग्य वाटायचं. मशीन महाग होतं, आम्ही नव्हतो. मी या धंद्यात शिरलो ते त्या खोलीच्या ओढीनंच. मशीनबद्दलचा जो आदर तिथं अंगात मुरला तो अजून आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं. पण त्या दुपारपासून तो आदर आणि निंबाखालची ती बाज ही दोन्ही डोळ्यांपुढे एकदम येतात, आणि काय करावं ते लवकर कळत नाही.

उन्हाळ्याइतकाच मोठा दुसरा विषय म्हणजे कापूस. ज्याच्या घरात कापूस भरलेला असतो तिथलं मशीन मी वेगळंच धरतो. २०२२ साली भाव दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तसाच जाईल म्हणून लोकांनी महिनोन्‌महिने माल घरात ठेवला. खोल्या छतापर्यंत भरलेल्या, माणसं ओसरीत झोपलेली, पोरासोरांच्या अंगाला खाज. आणि त्याच ढिगाला लागून टेबल, टेबलावर मशीन. अशा एका घरातलं कार्ड मी उघडलं तेव्हा पंखे फिरत होते, आवाजही करत होते, पण पलीकडे हवा पोचत नव्हती. पंखे काढले. खाली हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा सलग थर बसला होता, त्यात काळ्या मातीची भुकटी, एकदोन सरकीची टरफलं, मुंगीचे पंख. चिमट्यानं एक कोपरा धरून ओढला तर थर फाटला नाही, एका तुकड्यात सोलून निघाला. प्रकाशापुढे धरला तर त्यातून काहीच दिसत नव्हतं. एवढं निघाल्यावर ते कार्ड, काहीही न बदलता, चौदा अंशांनी उतरलं.

शहरात धूळ ब्लोअरनं उडते. रुई उडत नाही, ती आणखी आत दडपली जाते. म्हणून आधी मऊ ब्रश आणि चिमटा, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. कापसाच्या घरांत मी पुढच्या जाळीला आतून बारीक नायलॉनची जाळी लावतो. आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवतो. म्हणजे कॅबिनेटच्या आत हवेचा थोडा दाब राहतो, फटींतून हवा बाहेरच येते, आणि धूळ यायचीच तर एका जाळीतून येते. ती जाळी घरातली बाईमाणूससुद्धा आठवड्याला काढून झटकू शकते. बाजूची काच काढून समोर टेबल फॅन लावायचा उपाय आमच्याकडे घरोघरी दिसतो. तापमान उतरतं, यात शंका नाही. पण कापसाच्या खोलीत तो उपाय म्हणजे दोन आठवड्यांत पुन्हा तोच थर, आणि पाल आत शिरायला मोकळी वाट. अशा घरांतल्या आयांना आगीचीही भीती वाटते, आणि ती भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. प्रोसेसर नव्वदवर गेला म्हणून कापूस पेटत नाही. पण स्विचबोर्डावरचा सैल प्लग, एकाच एक्स्टेंशनवर कूलर, मशीन आणि एखादा चार्जर, आणि त्यातून उडणारी ठिणगी, हे खरं आहे. तिथं मी आधी सॉकेट बदलायला लावतो, तापमानाचं नंतर बघतो.

परत आजीच्या त्या घराकडे येतो, कारण तिथं मला दुसऱ्यांदा जावंच लागलं. पोरानं बोलावलं नव्हतं. मीच गेलो.

मला लोक नेहमी विचारतात, कूलरच्या ओल्या हवेनं मशीन खराब होते का. पाणी साचतं ते हवेपेक्षा गार वस्तूवर. माठातलं पाणी आतून बाहेर झिरपतं आणि फ्रीजमधल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरू असलेलं मशीन खोलीपेक्षा गरमच असतं, त्यामुळे त्याच्यावर दव बसत नाही. त्रास होतो तो थेंबांचा. ताट्या जुन्या झाल्या, पंप जोरात मारत असला की हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. तुषार वाळतात, क्षार उरतो. त्या पोराच्या पॉवर सप्लायच्या जाळीवर इतक्या थोड्या दिवसांत पांढरी भुकटी धरली होती. ती मी त्याला बोटावर घेऊन दाखवली. कूलर मशीनच्या तोंडाला लावायचा नाही, यासाठी तेवढं कारण पुरलं.

दुसरी गोष्ट त्याला कागदावर लिहून दाखवली. गेम चालू असताना कार्ड १७० वॅटपर्यंत घेतं, प्रोसेसर साठ-सत्तर, बाकी बोर्ड, पॉवर सप्लायची गळती, स्क्रीन. म्हणजे तीनशे वॅट धरू. यातली वीज कुठं साठत नाही, शेवटी सगळीची उष्णता होऊन खोलीत येते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. म्हणजे गेम सुरू झाला की त्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं होतं. पोरगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. हुशार आहे. मला पुढचं सांगावं लागलं नाही. ‘म्हणजे आजी बाहेर गेली नसती तरी तिला आत उकडलंच असतं,’ असं तोच म्हणाला.

मग आम्ही खोली फिरवली. कूलर खोलीच्या आत ठेवला की तो तीच ओली हवा पुन्हापुन्हा ओढतो आणि तासाभरात नुसता दमटपणा उरतो. त्याची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेत हवी. म्हणून तो खिडकीत बसवला, लोखंडी स्टँडवर. त्याच्या सरळ रेषेत आजीची बाज. बाजेच्या पायथ्याशी, कूलरच्या झोताच्या जरा बाजूला, टेबल. आणि टेबलाच्या मागे परसदाराकडचं दार, जे उन्हाळाभर बंद ठेवलं जायचं, ते चार बोटं उघडं. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच, वाट नसली की कूलर कामच करत नाही. आता गार हवा आधी आजीवरून जायची, मग कॅबिनेट ती ओढायचं, आणि कॅबिनेटच्या पाठीतून निघालेली गरम हवा तशीच दाराबाहेर. थर्मामीटर टेबलाजवळ ३३ दाखवत होता. बाजेजवळ ३१. मशीनला दोन अंश जास्त मिळाले. त्याला चालतात.

ते दोन अंश, आणि वर आणखी बरेच, आम्ही सेटिंगमधून परत मिळवले. त्याची स्क्रीन साठ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवणारी, आणि कार्ड सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम काढत होतं. न दिसणाऱ्या फ्रेम काढायला कार्ड तापवण्यात काय अर्थ? साठवर बांधलं. मग आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा, पंच्याहत्तर टक्क्यांवर आणली. कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरलं तरी वीज बरीच उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. शेवटच्या चार-पाच फ्रेमसाठी कार्ड भरमसाट वीज खातं, ती सोडली की खेळण्यात फरक कळतसुद्धा नाही. कमाल मर्यादेच्या बरंच आधी, ८४ वरच थांबण्यासाठी आपला वेग पाडणारं कार्ड आता ७१ वर शांत चालू होतं. संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज एकशेऐंशीवर येतं. तेव्हाही कमी वीज मागणारं मशीन टिकतं. स्टॅबिलायझर मी तरीही लावायला सांगितला.

काही सवयी मात्र सेटिंगमध्ये बसत नाहीत. आमच्याकडची पोरं रात्री अकराला खेळायला बसतात, गार झालं असं समजून. नवी घरं सगळी स्लॅबची. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, तेव्हा हात वर केला तरी जाणवते. टिनाचं छत दुपारी भाजून काढतं, पण दिवस मावळल्यावर लवकर निवतं. आमचं जुनं घर मातीचं, दीड हात भिंत, वर कवेलू. तिथं मे महिन्यात शेजारच्या स्लॅबच्या घरापेक्षा पाच-सहा अंश कमी असायचे. मशीनसाठी त्याहून चांगली जागा मी पुढे कुठे बघितली नाही. पण वरून माती गळायची, उंदीर वायर कुरतडायचे, आणि ते घर पाडलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला होता, मलाही. आता उन्हाळ्यात कोणी विचारलं तर मी पहाटे चारनंतर खेळ म्हणतो. स्लॅबच्या घरात सगळ्यात गार वेळ तीच. कोणी ऐकत नाही, परीक्षेच्या दिवसांत मात्र ऐकतात.

मृगाचे दोन पाऊस पडले की सगळं उलटं होतं. हवा ३२ वर येते, पण ओली. कूलर नुसता चिकट वारा फेकतो, अंगाला घाम सुटतो आणि वाळत नाही. माणसाचं अंग मुख्यतः घाम वाळल्यानंच निवतं. मशीनला घाम येत नाही, त्याला फक्त अंश कळतात, ओल कळत नाही. म्हणून जुलैमध्ये ते मजेत असतं आणि आपण हैराण. त्या दिवसांत कूलर कोणाकडे वळवायचा हा प्रश्नच उरत नाही, साधा पंखा माणसांना आणि कॅबिनेट कोपऱ्यात.

सगळ्याच घरांना दोन दारं नसतात, ही माझी खरी अडचण आहे. घरकुलाची एकच खोली, एक दार, एक खिडकी, आत आईबाप आणि दोन भावंडं, आणि थोरल्यानं जिनिंगमध्ये हमाली करून घेतलेलं सेकंडहँड मशीन. अशा एका पोराचा परवा फोन आला. त्यानं पैसे जमवले होते आणि त्याला लिक्विड कूलर घ्यायचा होता. मी त्याला म्हटलं, लिक्विड कूलर प्रोसेसरमधली उष्णता पाण्यानं रेडिएटरपर्यंत आणेल आणि तुझ्याच खोलीत सोडेल. प्रोसेसर गार होईल, खोली अर्धा अंशही होणार नाही. त्याच पैशात एक्झॉस्ट फॅन येतो, गवंड्याची मजुरी निघते, आणि थोडे उरतात. तो काही बोलला नाही. मला वाटलं, हिरमुसला. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. गवंडी दारात उभा होता, छिन्नी-हातोडा घेऊन, आणि भोक कुठे पाडायचं एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, खिडकीच्या समोरच्या भिंतीला, आणि जमेल तितकं वर, गरम हवा वरच जमते. मशीनचं टेबल त्याच भिंतीला लावा, बरोबर भोकाच्या खाली. झोपायची जागा खिडकीकडे.